गॅस ग्या, ते कथा ग्या?

आधी हिरामण नानांचं नाव लिहून ठेवतो. मूळ गाव दोंडाईच्याजवळचं, दुकान जळगावात, धंदा फ्रीज-एसी दुरुस्तीचा. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते पुढे येईलच. पण सांगता सांगता मी भलतीकडे भरकटलो, किंवा अंक काढणाऱ्यांना जागा कमी पडली आणि शेवटचं पान कापलं गेलं, तर निदान नाव तरी छापलेलं राहील. मला अशा काळज्या फार. नट आवळून दारापर्यंत गेलो की परत येऊन बघणारा मी माणूस. नाना म्हणायचे, "शकील, तू मशीनसंगेच लगीन लाई ले, म्हणजे तुले भरोसा येई."

मी अमळनेरचा. वडील तेलाच्या कारखान्यात होते, त्यांचं काम सुटलं आणि माझी शाळा आठवीत सुटली. काही वर्षं जिनिंगमध्ये कापसात काढली. नाकातोंडात रुई जायची, छातीत घरघर लागली, तेव्हा मामूंनी ओळखीनं जळगावला नानांकडे पाठवलं. नानांनी विचारलं, "शिकना किती?" मी मान खाली घालून आठवी सांगितलं. ते म्हणाले, "कॉपरना पाइपले वाचता येत नही. तू जेवना का?" एवढीच माझी मुलाखत.

आता मी वेरावळला असतो. गुजरातचा समुद्रकिनारा, मासळी गोठवायचे कारखाने, मोठमोठ्या थंड खोल्या. इथं मी मशीन सांभाळतो. घरापासून फार लांब आलो. इथली माणसं चांगली आहेत, पण हवा अंगाला चिकटते आणि शर्ट कधी वाळत नाही. आपल्याकडचा मे महिना आठवतो. कोरडा, करकरीत. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पण लिंबाखाली बसलं तर जीवाला बरं वाटतं. इथं लोक 'छे' म्हणतात. केम छे, शुं छे. मच्छीबाजाराच्या कोलाहलात पाठीमागून कुणी 'छे' म्हटलं की माझ्या कानाला आपल्या खानदेशी बोलीतलं 'शे', म्हणजे 'आहे', ऐकू येतं आणि मी वळून बघतो. इतकी वर्षं झाली तरी वळतो.

तर आमचा धंदा. तो बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड नाही.

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. फ्रीजच्या मागच्या बाजूला हात लावून बघा, गरम लागेल. ती तुमच्या भाजीतून आणि दुधातून काढलेली उष्णता. ती वाहून नेणारा हमाल म्हणजे गॅस. बंद पाइपात तो गोल गोल फिरतो, आत जाऊन ओझं उचलतो, बाहेर येऊन टाकतो, परत आत. तो खर्च होत नाही. पाइप धड असेल तर मशीन भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहतो.

पण आपल्याकडे गॅस म्हटलं की डोळ्यांसमोर स्वयंपाकाची टाकी. ती संपते, म्हणून हाही संपत असणार. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणायचं, "नाना, गॅस संपला, भरून द्या." नानांना या शब्दाची चीड होती. ते स्टुलावरून न उठता म्हणायचे, "संपत नही भाऊ, तो जातो. गॅस ग्या, ते कथा ग्या?" कथा म्हणजे कुठे. गिऱ्हाईक बुचकळ्यात. "मला काय माहीत कुठे गेला? तुम्ही भरा ना." मग नाना साबणाचा फेस आणि ब्रश घेऊन निघायचे. सांध्यासांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते बघत बसायचं. आधी भोक शोधायचं, ते बुजवायचं, मगच गॅस. दुसरे मेकॅनिक भोक तसंच ठेवून गॅस भरून मोकळे होत, सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत. नानांचं गिऱ्हाईक लवकर परत येत नसे. म्हणजे धंद्याच्या हिशेबानं बघाल तर नानांचीच पद्धत चुकीची.

नमुने एकेक. एक काकू होत्या. फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला म्हणून त्यांनी तो उलथन्यानं खरवडला आणि कॉइलला भोक पाडलं. आम्ही गेलो तर म्हणतात, "मी हातसुद्धा लावला नाही." नानांनी स्वयंपाकघरातलं उलथनं मागून घेतलं, त्याचं टोक भोकात बरोबर बसवून दाखवलं, आणि परत दिलं. काकू म्हणाल्या, "चहा टाकते." रिटायर झालेले एक आबा होते, ते मे महिन्यात फ्रीजचं दार उघडं टाकून समोर खुर्ची मांडून पेपर वाचायचे. खोली उलट तापायची. तक्रार काय, तर फ्रीज जुना झाला. नाना म्हणाले, "आबा, हा पुढून देतो आणि मागून त्याच्याहून जास्त टाकतो. खोलीतली धग खोलीतच." आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांनी पेपर दुसऱ्या खोलीत वाचायला घेतला, दार उघडंच.

त्या काळी जुनं मशीन उघडायचं म्हणजे आमच्या लाइनीत एक रीत होती. नट सैल करायचा, सूं असा आवाज सुरू झाला की चहाला जायचं. चहा पिऊन येईपर्यंत पाइप रिकामा. रंग नाही, दिसत नाही, कुणाला काही होत नाही. मीही तेच शिकलो, नानाही तेच करत आले होते.

मग जळगावात मेकॅनिक लोकांसाठी एक छोटं शिबिर झालं. जेवण होतं म्हणून बरेच जण गेले. एका मॅडमनी फळ्यावर पृथ्वी काढली आणि सांगितलं की ऊन खाली येतं, जमीन तापते, ती धग परत वर जायला निघते. आणि हवेतले काही गॅस तिला वाटेत अडवतात. कार्बन डायऑक्साइड, शेणातून आणि भाताच्या चिखलातून निघणारा मिथेन, आणि आमचा हा हमाल. हे गॅस अजिबात नसते तर पृथ्वी गोठली असती. पण माणूस ते वाढवतच चालला, म्हणून धग अडकतेय. आमचा गॅस थोडासाच असतो, पण वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पट धग अडवतो, काही जाती तर हजारांवर जातात. ओझोनचं भोक हा निराळा विषय, लोक दोन्हींची खिचडी करतात, असंही त्या म्हणाल्या. आम्ही करतच होतो.

नानांनी हात वर केला. "मॅडम, वर गेला तर खाली कधी येतो?"

मॅडम म्हणाल्या, तो खाली येत नाही, वरच हळूहळू मोडत जातो. तुमचा नेहमीचा गॅस दहा-बारा वर्षं तरी राहतो. कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड तर त्याहून कितीतरी जास्त.

त्यानंतर आठवड्याभरात आम्हाला दीपनगरला काम निघालं, कॉलनीतल्या क्वार्टरमधले फ्रीज. वाटेत वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या. नाना मोटरसायकलवर माझ्या मागे बसलेले. कानाशी येऊन म्हणाले, "ती दिसस, म्हणून बठ्ठा लोके तिले शिव्या देतस. आपला दिसत नही." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि आपलं मशीन तिच्याच कोळशावर चालतं." मी ब्रेक दाबला. समोर ट्रक होता.

परत येताना ते म्हणाले, केळी पिकवायच्या खोलीसारखं आहे हे. आमच्याकडे भुसावळ रस्त्यानं, पुढे सावदा-रावेरकडे, केळी पिकवायच्या थंड खोल्यांचं काम खूप. कच्ची केळी आत ठेवली की पिकताना ती श्वास टाकतात, गरम होतात, खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. थंडी बेताची ठेवायची आणि ठरल्या वेळी दार उघडून हवा बदलायची. नाही बदलली तर केळं नीट पिकत नाही. थंडी कमी पडली तर वरून पिवळं आणि आतून उकडल्यासारखं मऊ. "आपण बी त्या खोलीमाच शेतस," नाना म्हणाले, "पण हिना दार उघडाले कोन जाई?"

त्यांनी कुठूनतरी गॅस ओढून घ्यायचं जुनं मशीन मिळवलं. मशीन उघडायच्या आधी त्यातला गॅस या यंत्रानं टाकीत भरून घ्यायचा. ते खोकत खोकत चालायचं, एका एसीला इतका वेळ घ्यायचं की गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. चहाच्या टपरीवर बाकीचे मेकॅनिक छळायचे. "नाना, आज किती हवा पकडी?" नाना बशीत चहा ओतत म्हणायचे, "तू सोडेल बी मीच पकडी लिधी. लागी तं सांग, वापस देस." सगळे हसायचे. पण मी पाहिलंय, त्यातल्या दोघा-तिघांनी पुढे ते मशीन नानांकडून मागून नेलं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

भागवतशेठ म्हणून आमचं मोठं गिऱ्हाईक होतं. केळीच्या थंड खोल्या, त्यांची सगळी मशिनं नानांच्या हातातली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. नाना त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाईकांच्या मशिनांना स्वतः जाऊन हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. शेठला कौतुक वाटायचं की हा माणूस आपल्या मशिनाला लेकीसारखं वागवतो.

त्या वर्षी हिवाळा सरला आणि नानांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. दुकान माझ्याकडे. मी इतका धास्तावलो होतो की रोज सकाळी कुलूप उघडायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायचो आणि कुलूप लावताना परत म्हणायचो.

शेठच्या एका खोलीची थंडी कमी झाली. मी गेलो, गेज लावला, गॅस कमी. सगळ्या सांध्यांना फेस लावला. कुठे बुडबुडा नाही. नानांचा नियम मोडून, भोक न सापडताच, गॅस भरला. कारण आत माल होता. काही दिवसांनी परत फोन. परत फेस, परत काही नाही, परत गॅस. मग तिसऱ्यांदा. या खेपेला मात्र आतला माल गेला होता. केळी वरून पिवळी, सालीवर चट्टे, दाबलं की बोट आत.

शेठ खुर्चीवरून उठले नाहीत. म्हणाले, "शकील, गॅस जातो कुठे?"

"शोधतोय शेठ."

"मी सांगतो कुठे जातो. तू टाकी घेऊन येतोस, अर्धी भरतोस, अर्धी घेऊन जातोस. नाना असताना कधी असं झालं नाही. नाना गेले आणि गॅस जायला लागला."

तिथं हमाल उभे होते, ट्रकवाले होते. चोरी केली नाही हे सिद्ध कसं करायचं? गॅसला रंग नाही, वास नाही. गेलेला गॅस दाखवता येत नाही. जो दिसत नाही त्याची चोरी केली असं कुणी म्हटलं तर माणसानं दाखवायचं काय? शेठ म्हणाले, "नानांना फोन केलाय. उद्या येतायत. उद्या तुझा निकाल." माझ्यामागे शाळा नाही, कागद नाही, होतं ते एवढंच, की शकीलच्या हाताला खोट नाही असं चार माणसं म्हणत होती. तेच गेलं तर जळगावात मला कुणी पाना धरू दिला नसता. अमळनेरला अम्मीला काय सांगायचं होतं?

दुसऱ्या दिवशी नाना यायच्या आत मी गच्चीवर गेलो. मशीन चालू ठेवलं आणि पोटावर झोपून भिंतीकडच्या बाजूनं हात घातला. तिकडे सांधा नाही, सरळ पाइप, म्हणून फेस कधी लावलाच नव्हता. हात फिरवता फिरवता बोटांना तेलकट धूळ लागली. गॅस जिथून निसटतो तिथून थोडं तेलही निसटतं आणि आपली खानदेशची धूळ त्यावर बसते. त्याच धुळीत बोट कशाला तरी अडलं. तार. बारीक लोखंडी तार, पाइपाला गुंडाळलेली. तारेला वाळक्या झेंडूचे दोन-तीन देठ अजून होते. मशीन थरथरतं तशी ती तार महिनोन्‌महिने एकाच जागी घासत राहिली होती आणि तिनं पाइपाला सुईएवढं भोक पाडलं होतं. मशीन चालू असलं आणि दाब चढला की तिथून गॅस जायचा. मी बंद करून तपासत होतो.

मी तार सोडवली आणि हातात धरून बघत राहिलो. तारेचं टोक आत वळवून चपटं दाबलेलं होतं. असं फक्त नाना करायचे. काम करताना कुणाचा हात ओरखडू नये म्हणून. मला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं, "टोक उघडं ठेवू नको, मागून येणारा तुन्हा भाऊच शे."

मी तार खिशात घातली.

आता मागे वळून बघताना वाटतं, तेव्हा मी फार विचार केला असेल. तसं नाही. एवढंच वाटलं, की ज्या माणसानं सगळ्या जिल्ह्याला विचारलं गॅस कथा ग्या, त्याच्याच माळेतून तो गेला, हे माझ्या तोंडून निघायला नको. आणि दुसरंही होतं. पूजेची माळ, आणि तिच्यामुळे नुकसान झालं म्हणून सांगणारा मी, शकील. शेठच्या हमालांसमोर. माझी जीभ तिथं वळली नसती.

मी उरलेला गॅस टाकीत ओढून घेतला, भोक वेल्डिंग करून बुजवलं, गॅस परत भरून फेस लावून खात्री केली आणि खाली आलो. तेवढ्यात नाना आले. डोळ्यावर काळा चष्मा, लेकीचा मुलगा हात धरून. शेठना मी म्हणालो, "शेठ, लीक सापडला. वेल्डिंग केलं."

शेठ नानांकडे बघून हसले. "बघा. काल दम दिला, आज सापडला."

नाना मला म्हणाले, "काय व्हयनं रे भो? कथा व्हता?"

"पाठीमागे, सरळ पाइपाला."

"सरळ पाइपले भोक कशानं पडनं?"

नानांनी नातवाला खाली थांबवलं, माझा खांदा धरला आणि जिना चढले. गच्चीवर गुडघे टेकून त्यांनी वेल्डिंगच्या जागेवरून बोट फिरवलं. पाइपावर गोल चर पडलेला होता, तो बोटाला लागणारच. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"काढ."

मी तार त्यांच्या तळहातावर ठेवली. चष्म्यातून त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी ती चाचपली, वळवलेल्या टोकापर्यंत आले आणि थांबले.

"तार मन्ही शे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "नाना, राहू द्या. लीक बंद झालाय. शेठ दोन दिवसांत विसरतील."

"आणि तू?"

नाना जिना उतरले, शेठच्या टेबलावर तार ठेवली, आणि हमाल, ट्रकवाले सगळ्यांना ऐकू जाईल असं साध्या मराठीत म्हणाले, "शेठ, पूजेची माळ मी तारेनं बांधली होती. गरम पाइपावर सूत टिकत नाही म्हणून. ती घासून भोक पडलं. माल माझ्यामुळे गेला. या पोरानं एक फुंकरसुद्धा घरी नेलेली नाही."

शेठनी तार उचलून पाहिली. "पूजेनं लीक झाला म्हणता?"

"पूजेनं नाही. माझ्या हातानं."

"मग एवढा सगळा गॅस गेला कुठे?"

नानांनी वर बघितलं. वर पत्रे होते. "वर," ते म्हणाले. "बठ्ठा वर ग्या."

शेठनी त्यानंतर माझ्याकडे बघून एकदा मान हलवली. तेवढ्यात मला सगळं मिळालं. पण नानांचं काम त्यांनी काढून दुसऱ्यांना दिलं. नुकसान मोठं होतं, मी त्यांना दोष देत नाही. केळीच्या धंद्यात बातमी ट्रकच्या आधी पोचते. हळूहळू त्या पट्ट्यातली बाकीची कामंही गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला म्हातारा मशिनाला तार बांधून भोक पाडतो, असं टपरीवर बोलायला लागले. ती तार नानांनी दुकानात गेजच्या शेजारी खिळ्याला अडकवली. नवं गिऱ्हाईक विचारायचं, ही कशाची? नाना म्हणायचे, "गॅस कथा ग्या ते सांगस ती."

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी मला ओळखीच्या एका शेतावर भरीत खायला नेलं. तुराट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, तोंडातून वाफ निघेल अशी थंडी. आम्ही शेकोटीला पाठ देऊन बसलो. तिथं नाना म्हणाले की वेरावळला मासळीच्या कारखान्यात मेकॅनिक हवाय, ओळखीच्या ट्रकवाल्याकडून विचारणा आलीय. "दुकानमा आते दोनजणना पोट भरत नही. तू जाय."

मी म्हणालो, "तुम्ही एकटे कसं करणार?"

"मी फेस लावसू. तू जाय. तुन्हं नाव साफ शे, ते ली जाय."

ते नाव घेऊन मी आलो. वेरावळच्या मालकानं माझ्याबद्दल जळगावात चौकशी केली, तेव्हा ती भागवतशेठकडे गेली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. शेठनी काय सांगितलं असेल ते मी इथं टिकलो यावरूनच समजा.

इथं माझ्या हाताखाली माणसं आहेत. एकही नट मी हवेत सैल होऊ देत नाही. आधी गॅस ओढून टाकीत, मग पाना. माणसं कंटाळतात, मला 'हवावाळा' म्हणतात. म्हणू देत. पण मनाला एक टोचणी आहे, ती इथं लिहिली नाही तर लिहून उपयोग काय. आमचा धंदा उकाड्यावर चालतो. अमळनेरहून भाऊ फोन करतो, "भाईजान, कूलरनं भागत नाही आता, गल्लीत घरोघर एसी लागले." माझ्या लाइनीतल्या माणसानं हे ऐकून खूश व्हायला हवं. मी गच्चीवर उभा राहून बघतो, सगळी मशिनं आतली धग उचलून बाहेर टाकतायत. बाहेर म्हणजे तिथं, जिथं आपण सगळे आहोत. ती चालतात कोळशाच्या विजेवर, आणि कुठेतरी एखादा पाइप घासतोच आहे. त्या आबांसारखं झालंय, फ्रीजचं दार उघडं टाकून समोर खुर्ची. इथले खलाशी म्हणतात, समुद्र पूर्वीसारखा राहिला नाही, मासळीसाठी लांब जावं लागतं. भाऊ म्हणतो, यंदा भरिताच्या पार्टीला स्वेटर घातलाच नाही. हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. मी ज्या थंडीत परत जायची स्वप्नं बघतो, ती मी जाईपर्यंत तिथं असेल ना?

नानांनी दुकान बंद केलं. आता धुळ्याला लेकीकडे असतात. पत्र्याचं घर आहे. लेक सांगते, उन्हाळ्यात डॉक्टरांनी दुपारी थंडाव्यात ठेवायला सांगितलंय, पण ते एसीचं नाव काढू देत नाहीत. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसतात. मी फोन केला की हॅलोच्या जागी विचारतात, "गॅस ग्या का?" मी म्हणतो, "नही नाना, बठ्ठा टाकीमा शे." मग विचारतात, "जेवना का?" आणि शेवटी, "कवय येशी?" म्हणजे कधी येशील.

त्या खिळ्यावरच्या तारेचं काय झालं ते विचारायचं दर वेळी राहतं.

यंदाही दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मासळीचा हंगाम असतो. पण नाना, लेकीकडून हे वाचून घेत असाल तर ऐका. मी येणार आहे. येताना तुमच्या खोलीपुरतं एक लहान मशीन आणीन. त्यात नव्या जातीचा गॅस असेल, जो चुकून सुटला तरी वर फारशी धग धरत नाही, आणि मी तो चुकूनही सुटू देणार नाही. पत्र्याखाली आधी धग अडवणारा जाड थर बसवीन, म्हणजे मशीन थोडंच चालवावं लागेल. प्रत्येक सांध्याला फेस लावीन, आणि सरळ पाइपालासुद्धा, मशीन चालू ठेवून. तुम्ही स्टुलावर बसा आणि बोट फिरवून तपासा. आणि खंडेनवमी असेल तर माळही घालू. तुम्ही हळदकुंकू लावा, झेंडू मी ओवीन, सुतात. आणि पाइपाला नाही, बाजूच्या खिळ्याला टांगीन.

तेवढं होईपर्यंत ओला टॉवेल डोक्यावर राहू द्या नाना. मी येसू.